रांगेतला तिसरा

लाँड्रीवाल्याने त्या म्हाताऱ्या पोस्टमास्तरांना मारलं नव्हतं, हे आधीच सांगून टाकतो. नंतर सांगायला गेलो तर कोणी ऐकून घेणार नाही, आणि पुढे पुढे तर खुद्द लाँड्रीवाल्याचाही त्यावर पूर्ण भरवसा उरला नाही. तेव्हा हे एवढं मनात धरून पुढचं वाचावं.

त्याचं दुकान पोलीस ठाण्याच्या बरोबर मागे, एका तीनमजली इमारतीच्या तळाशी. दुकानामागच्या दोन खोल्यांत तो आणि त्याची बायको राहत. ठाण्यातले झाडून सगळे गणवेश त्याच्या टेबलावर यायचे. कॉलरला किती खळ लावायची, कोणत्या साहेबाला बाहीची घडी चालत नाही, हे त्याला तोंडपाठ होतं. आणि या कामासोबत दुसरं एक काम त्याच्या गळ्यात आपसूक पडलं होतं. ते म्हणजे ओळखपरेडीत उभं राहण्याचं.

ओळखपरेडीत संशयिताला त्याच्यासारख्या दिसणाऱ्या पाच-सहा माणसांत मिसळून भिंतीशी उभं करतात आणि साक्षीदाराला सांगतात, की तुम्ही पाहिलेला माणूस यात असेल तर त्याच्या खांद्यावर हात ठेवा. आता ही सारखी दिसणारी माणसं ऐनवेळी आणायची कुठून? लाँड्रीवाला हाकेच्या अंतरावर होता. चेहरा अगदी चारचौघांसारखा, फक्त भुवया मधोमध जुळलेल्या. मागच्या भिंतीवरून कोणी शिपाई ओरडायचा, "रांगेला या हो," की हा इस्त्रीचं बटण बंद करायचा, जाऊन उभा राहायचा, चहा प्यायचा आणि परत येऊन उरलेली बाही पुरी करायचा. पोस्टमास्तरांचं प्रकरण घडेपर्यंत अशा चाळीसेक रांगा त्याने केल्या. डावीकडून तिसरी जागा सवयीने त्याचीच. चाळीस रांगांत आपल्याला कोणी बोटही लावलं नाही, याचा त्याला थोडा अभिमानच होता.

अकरा वर्षांपूर्वी शेजारच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर एकटे राहणारे निवृत्त पोस्टमास्तर गळा दाबून मारलेले सापडले. त्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर मुलांच्या शिकवण्या घेणाऱ्या एक बाई राहत. खुनाच्या दिवशी संध्याकाळी साडेसहाला त्या जिना चढत असताना वरून एक माणूस उतरला. जुळलेल्या भुवयांचा. अंधारातही त्याने सातवी फुटकी पायरी बरोबर ओलांडली, आणि वळणावरची निळी बादली त्याच्या पायाने कलंडली. बाईंनी एवढंच पाहिलं होतं. पण ती पायरी आणि ती बादली इतक्या तोंडांतून फिरली, की दोन्ही गल्ल्यांतल्या लहानथोरांना तो जिना न चढताच पाठ झाला.

आदल्या दिवशी पोस्टमास्तरांकडे नळ दुरुस्त करायला एकजण येऊन गेला होता. तो लाँड्रीवाल्याच्याच इमारतीत मागच्या खोलीत बहिणीबरोबर राहायचा. सगळे त्याला नळवाला म्हणत. त्याच्याही भुवया जुळलेल्या. पोलिसांना आणखी काय हवं होतं?

ती परेड लाँड्रीवाल्याला आजही जशीच्या तशी दिसते. रांगेत कुठे उभं राहायचं हे आरोपीने स्वतः ठरवायचं असतं, तो त्याचा हक्क. नळवाल्याने चौथी जागा घेतली, बहुधा शेजारी ओळखीचा माणूस आहे एवढ्याच आधारासाठी. शिकवणीच्या बाई आत आल्या. एकदा रांगेच्या टोकापर्यंत गेल्या, परत फिरल्या, तिसऱ्याशी थांबल्या आणि त्यांनी लाँड्रीवाल्याच्या खांद्यावर हात ठेवला. नुसता टेकवला नाही, चांगला ठेवला. पंजा गार होता, शर्टातूनही ते कळत होतं.

"हाच," बाई म्हणाल्या.

ठाण्याचे साहेब हसले. बाईंना म्हणाले, हे आमचे लाँड्रीवाले, तुम्ही घाबरला आहात, बाहेर बसा, पाणी प्या. पाच मिनिटं गेली. त्या पाच मिनिटांत साहेबांनी नळवाल्याला दंडाला धरून अर्धं पाऊल पुढे ओढलं. बाई पुन्हा आल्या, तिसऱ्याकडे त्यांनी पाहिलंच नाही, आणि चौथ्याच्या खांद्याला हात लावला. कागदावर लिहिलं गेलं, की साक्षीदाराने आरोपीला ओळखले. पहिल्या हाताची कुठे नोंद नाही. ती व्हायला हवी होती आणि आरोपीच्या वकिलाला द्यायला हवी होती. चाळीस रांगांनंतर लाँड्रीवाल्याला हे कोणी शिकवायची गरज नव्हती. पण साहेबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "वाचलात हो," असं म्हणून ते हसले, आणि तोही हसला. नळवाला तेव्हा हातभर अंतरावर उभा होता.

खटल्यात लाँड्रीवाल्याला कोणी साक्षीला बोलावलं नाही. मला कोणी विचारलंच नाही, असं तो मनाशी म्हणत राहिला, आणि या एका वाक्यावर त्याने अकरा वर्षं काढली. माणूस मूग गिळून बसला की त्याला असलं एखादं वाक्य लागतंच.

मग वरच्या कोर्टाने शिक्षा रद्द केली. नळवाल्याला पकडल्यावर तीन दिवस वकील भेटू दिला नव्हता, बहिणीला कळवलं नव्हतं, झोपू दिलं नव्हतं. तुला गप्प राहण्याचा हक्क आहे, हे एकाही माणसाने सांगितलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी पहाटे पुढे सरकवलेल्या कागदावर त्याने सही केली होती. कोर्टाने तो कबुलीजबाब बाजूला काढला. अशा खटल्याला खटला म्हणता येत नाही, असं म्हणून त्याला सोडलं.

गल्लीला हे अजिबात पटलं नाही. सुटला म्हणजे निर्दोष थोडाच, असं दुधाच्या केंद्रावर बोललं जाऊ लागलं. कायद्याच्या फटीतून निसटला. न केलेल्या गोष्टीवर कोण सही करतं? वकिलाचा हक्क आणि गप्प बसण्याचा हक्क म्हणे, पोस्टमास्तरांना होता का कसला हक्क? नळवाला बहिणीच्या खोलीत परत आला. अकरा वर्षांत केस पांढरे झालेले, बोलणं जवळजवळ बंद. दारं लागू लागली. त्याचं नाव आता कोणी घेत नसे, नुसतं 'सुटलेला' म्हणत.

आणि मग एक विचित्र गोष्ट सुरू झाली. लोकांना आठवू लागलं.

आधी लाँड्रीच्या इमारतीतल्या बेकरीवाल्याला आठवलं, की त्या संध्याकाळी त्याने सुटलेल्याला नळावर हात धुताना पाहिलं होतं. किती वेळ धूत होता, साबण कोणत्या रंगाचा होता, सगळं. त्या साली बेकरीवाला या गावात राहायलाही आला नव्हता. नंतर तिथल्याच दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंना किंकाळी आठवली. काकू तेव्हा मुलीच्या बाळंतपणाला परगावी होत्या. ही माणसं खोटं बोलत नव्हती, म्हणून तर लाँड्रीवाल्याच्या अंगावर काटा यायचा. सांगताना काकूंचा आवाज कापायचा, डोळे भरायचे. इस्त्री फिरवता फिरवता तो ऐकायचा, आणि वाफेत त्यालाही तो जिना दिसायचा, वळणावरची बादली दिसायची.

याच सुमारास शिकवणीच्या बाई दुकानासमोर येऊन उभ्या राहू लागल्या. रोज दुपारी चारला, रस्त्याच्या पलीकडे, औषधाच्या दुकानाच्या पायरीशी. आता बऱ्याच वाकल्या होत्या. हातात पिशवी नाही, काही घ्यायचं नाही, कोणाची वाट बघायची नाही. दहा मिनिटं लाँड्रीवाल्याकडे बघायच्या आणि जायच्या. पहिल्या दिवशी त्याने नमस्कार केला. त्यांनी केला नाही. चौथ्या दिवसापासून तो चारला रस्त्याकडे पाठ करून कपडे मोजायला बसू लागला, तरी मानेला कळायचं की त्या आल्या आहेत.

एका दुपारी नळवाल्याची बहीण आली. छापखान्यात फॉर्मांना घड्या घालण्याचं काम करायची, बोटांची टोकं शाईने काळी. ती टेबलापाशी उभी राहून सरळ मुद्द्याचं बोलली. रविवारी इमारतीची बैठक आहे. आम्हाला खोली सोडायला लावायचा अर्ज सेक्रेटरींनी तयार केलाय, सह्याही होत आल्यात. इथून निघालो तर आम्हाला कोण जागा देणार?

"दादा, तुम्ही त्या दिवशी रांगेत होतात," ती म्हणाली. "माझा भाऊ म्हणतो, तिथे काहीतरी झालं होतं. काय झालं ते तो सांगत नाही. म्हणतो, ज्याचं आहे त्याने सांगावं. तुम्ही बोललात तर लोक ऐकतील."

लाँड्रीवाला म्हणाला, बघतो. ती गेल्यावर त्याच्या हातातली इस्त्री शर्टावर तशीच राहिली आणि पाठीवर तपकिरी डाग पडला. पस्तीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

बोलायचं तर काय बोलायचं, हे त्याला माहीत होतं. भीती पुढच्या प्रश्नाची होती. बाईंचा हात आधी तुमच्यावर का पडला, असं कोणी विचारलं तर? त्याने स्वतःला हे अकरा वर्षांत कधी विचारलं नव्हतं. आता विचारलं, आणि उत्तर मिळेना. त्या संध्याकाळी साडेसहाला आपण कुठे होतो? दुकानातच असणार, आणखी कुठे. पण असणार म्हणजे होतो नव्हे. निरपराध माणसाला अशा संध्याकाळचं काय आठवणार? काही घडलंच नव्हतं तर लक्षात राहायला काय होतं? नळवाल्याला मात्र त्या संध्याकाळचं मिनिट अन् मिनिट पाठ होतं, कारण त्याला ते तीन दिवस विचारलं गेलं होतं.

त्याने बायकोला विचारलं. ती भाजी निवडत होती.

"अहो, अकरा वर्षांपूर्वीच्या मंगळवारचं मला काय विचारता? दुकानात असाल, नाहीतर कपडे पोचवायला गेला असाल."

"त्या गल्लीत तर तूच जायचीस पोचवायला."

"मीच जायचे," ती म्हणाली, आणि निवडता निवडता थांबली. "त्या दिवसांत माझा पाय मुरगळला होता ना. की ते नंतर?"

शनिवारी दुपारी तो त्या इमारतीत गेला. आपण इथे कधी आलोच नाही, एवढी एकदा खात्री करून घ्यावी म्हणून गेला. याला वेडेपणाशिवाय दुसरं नाव नाही. जिन्यात भर दुपारी अंधार होता. पायऱ्या मोजायचं त्याच्या मनातही नव्हतं, तो कठडा धरून आपल्याच विचारात चढत होता. सातव्या पायरीशी त्याचा पाय आपोआप उचलला गेला आणि आठवीवर पडला.

तो तिथेच थांबला. वाकून सातवीवर हात फिरवला. पायरी नवी होती, गुळगुळीत, कधीच बदललेली. ओलांडायचं काही कारणच नव्हतं. ऐकून ऐकून पाठ झालेलं आहे, दुसरं काही नाही, असं त्याने स्वतःला समजावलं, आणि ते खरंही होतं. तरी सातवीवर पाय टेकवून पाहायचं त्याने टाळलं. वरच्या वळणावर कोणीतरी उभं असल्यासारखं त्याला वाटलं. मान वर न करता तो उलट्या पावली खाली उतरला.

रविवारी दुपारी तळमजल्याच्या मोठ्या खोलीत पंचवीसेक माणसं जमली. खुर्च्या कमी पडल्या म्हणून काही भिंतीला टेकून उभी होती. नळवाला आणि त्याची बहीण दाराजवळ, मागे. सेक्रेटरींनी शिकवणीच्या बाईंना मुद्दाम बोलावून पुढे बसवलं होतं. प्रत्यक्ष पाहणारं माणूस, लोकांना आणखी काय पुरावा हवा, असा त्यांचा हिशेब. त्यांनी अर्ज वाचला. रहिवाशांची सुरक्षितता, लहान मुलं, इमारतीचं नाव. भाषा अगदी सभ्य होती. कोणाचं काही म्हणणं आहे का, असं त्यांनी विचारलं, ते विचारायची पद्धत असते म्हणून.

लाँड्रीवाला उठला. बायकोने त्याची बाही ओढली. त्याने सगळं सांगितलं. रांग, चौथी जागा, पहिला हात, पाण्याचा पेला, अर्धं पाऊल. साहेबांचं हसणं सांगितलं, स्वतःचंही हसणं सांगितलं. शेवटी म्हणाला, हे मी तेव्हाच बोलायला हवं होतं, हा माणूस अकरा वर्षं आत राहिला त्यात माझाही वाटा आहे. बोलून झाल्यावर त्याला फार हलकं वाटलं. रडू येईल असंच वाटलं.

सेक्रेटरी बाईंकडे वळले. खरं आहे का हे, असं त्यांनी विचारलं.

"खरं आहे," बाई म्हणाल्या. "माझा हात आधी यांच्याकडेच गेला होता. मग मला सांगितलं की हे नव्हेत." त्या लाँड्रीवाल्याकडे बघत होत्या, तशाच, दुपारी चारला बघायच्या तशा. "का गेला, ते मला सांगता येत नाही. मी रोज येऊन बघते. अजून ठरत नाही."

खोलीतल्या माना एकेक करून फिरल्या. दाराकडे लागलेले डोळे पुढे आले. एका क्षणात सगळी खोली लाँड्रीवाल्याच्या भुवयांकडे बघत होती, आणि नळवाल्याकडे अकरा वर्षांत पहिल्यांदाच कोणाचं लक्ष नव्हतं. सेक्रेटरींनी अर्जाची घडी घातली आणि खिशात ठेवली. अर्जाचं नाव पुन्हा कोणी काढलं नाही.

"तुम्ही मनाला लावून घेऊ नका," सेक्रेटरी फार सौम्यपणे म्हणाले. "आपल्या माणसांतच बोलतोय आपण. त्या संध्याकाळी साडेसहाला तुम्ही कुठे होतात, तेवढं सांगा, म्हणजे विषय संपला."

बेकरीवाला मध्येच हळू आवाजात म्हणाला, की नळावर हात धुणारा माणूस आपल्याला पाठमोरा दिसला होता, तेव्हा चेहऱ्याचं काही आपण सांगत नाही. काकूंनी पदर तोंडाला लावला. त्यांना काहीतरी आठवू लागलं होतं.

लाँड्रीवाल्याने तोंड उघडलं. दुकान आठवायचं, टेबल आठवायचं, एखादा शर्ट, एखादं गिऱ्हाईक, काहीही. आठवलं ते एकच. जिना, सातवी पायरी, आणि पायाला लागून कलंडलेली निळी बादली. तिचं पाणी पायरीवरून खाली येत होतं, आणि पाण्याचा आवाजसुद्धा येत होता. आता आपण हेच बोलणार, असं त्याला स्पष्ट दिसलं.

"दादा, बोलू नका."

आवाज दाराकडून आला. इतक्या दिवसांत कोणी ऐकला नव्हता, म्हणून कोणाचा ते कळायला वेळ लागला. नळवाला दोन पावलं पुढे आला होता.

"एक अक्षर बोलू नका," तो म्हणाला. "आठवत नाही, एवढंसुद्धा नाही. तुम्हाला गप्प राहायचा हक्क आहे. आधी वकील बघा, मग काय ते बोला. मला हे कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून सांगतो."

लाँड्रीवाल्याने तोंड मिटलं. त्याच्या शेजारची खुर्ची वीतभर सरकली. मग मागे कोणीतरी पुटपुटलं, की ज्याच्या मनात काही नसतं तो गप्प कशाला बसेल, आणि चार-सहा माना होकारार्थी हलल्या.

त्याने बायकोकडे पाहिलं. तिने त्याची बाही केव्हाच सोडली होती. ती त्याच्या डोळ्यांत बघत नव्हती, जरा वर, दोन भुवया जुळतात तिथे बघत होती.

"अहो, सांगा ना," ती म्हणाली. "सांगायला काय हरकत आहे?"

तो तिच्याकडे बघत राहिला, आणि बोलला नाही.